आगगाडीची कसोटी

मंडळी, माळेगावच्या जत्रेत बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो. पण एवढ्यावर कोणी पैसे मोजत नाही. जोडी जुंपून चार पावले चालवतो, चढावर नेतो, ओझे घालून बघतो. विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी चालवल्यावाचून बैल कळत नाही. आगगाडीचेही तसेच आहे. फरक एवढाच की बैल खोटा निघाला तर एका घराचे नुकसान होते. गाडीत हजार-बाराशे माणसे बसलेली असतात. म्हणून नवी गाडी कारखान्यातून निघाली की थेट स्टेशनात येऊन उभी राहत नाही. आधी तिची कसोटी होते. ती कुठे होते, कशी होते, बाहेर देशांत लोक ती मुद्दाम बघायला का जातात आणि आपल्या हिंगोलीच्या शिवाराशी तिचा काय संबंध आहे, हे आज सांगायचे आहे.

ही कसोटी रेल्वेइतकीच जुनी आहे. इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग पुरा होत आला तेव्हा गाड्या कशाने ओढायच्या यावर चालकमंडळींत वाद पडला. काही म्हणत, जागोजाग वाफेची यंत्रे बसवा आणि दोराने ओढा. काही म्हणत, चाकांवर धावणारे इंजिनच हवे. वाद तोंडाने मिटेना. तेव्हा ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल या गावाजवळ पावणेदोन मैलांचा सपाट तुकडा निवडला आणि इंजिने बोलावली. अट अशी की स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओझे ओढून त्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा ये-जा करायची, ताशी दहा मैलांच्या खाली यायचे नाही. हजारो लोक तमाशाला जमावेत तसे जमले. एकाचे हे मोडले, दुसऱ्याचे ते फुटले. शेवटपर्यंत टिकले ते स्टीफन्सन यांचे रॉकेट. आपल्याकडेही १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली हे शाळेत शिकवतात. पण त्याआधी पाच महिने, नोव्हेंबर १८५२ मध्ये, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्याच मार्गावर चाचणीची फेरी करून घेतली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. आधी कारभाऱ्यांनी बसून बघितले, मग लोकांना बसवले.

आता तुम्ही म्हणाल, रूळ लोखंडाचे, चाके लोखंडाची, रस्ता ठरलेला. ना खड्डा, ना चिखल. त्यात कसोटी ती कसली घ्यायची? इथेच खरी गंमत आहे.

आपल्या बैलगाडीचा आख स्थिर असतो आणि चाके त्याच्यावर सुटी फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, कोणाचे काही अडत नाही. आगगाडीत तशी सोय नाही. तिथे दोन्ही चाके आखावर दाबून घट्ट बसवलेली असतात. एक फिरले की दुसरेही तेवढेच फिरणार. मग वळणावर काय होत असेल? वळणावर बाहेरचा रूळ लांब, आतला आखूड. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर. त्यावर गाडीने एक पुरा वेढा घेतला तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा साडेदहा मीटर जास्त चालते. शिक्षकांनी वर्गात हे गणित जरूर घालावे. मौज अशी की वेढा लहान असो वा मोठा, उत्तर तेवढेच येते.

तर हे साडेदहा मीटर भरून कसे काढायचे? त्यासाठी रेल्वेचे चाक सपाट ठेवत नाहीत, किंचित उतरते घडवतात. आतल्या बाजूला घेर मोठा, बाहेरच्या बाजूला लहान. वळणावर गाडी थोडी बाहेर सरकली की बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर येते आणि आतले लहान घेरावर. एकाच फेरीत बाहेरचे जास्त अंतर कापते. गाडी आपसूक वळते. चाकाला आतून जी कड असते तिच्यामुळे गाडी रुळावर राहते असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे कड ही बांधावरच्या कुंपणासारखी आहे. ती शेवटच्या आधारासाठी. रोजचे काम हा उतारच करतो.

याचा पडताळा पाहायचा असेल तर कागदाचे दोन पेले घ्या. त्यांची तोंडे एकमेकांना जोडून चिकटवा, म्हणजे मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असे एक लाटणे होईल. दोन सरळ काठ्या समांतर आणि थोड्या उतरत्या ठेवून त्यांवरून ते सोडा. वाकडे सोडले तरी ते डुलत डुलत मधोमध येते आणि खाली पोचते. आता दुसरी जोडी घ्या, पण या खेपेला बुडे एकमेकांना चिकटवा. ही जोडी दोन हात जायच्या आत काठ्यांवरून पडेल. चौथीच्या पोरालाही हा प्रयोग जमतो आणि तो एकदा बघितला की जन्मभर विसरत नाही.

पण त्या पहिल्या जोडीकडे नीट बघा. ती सरळ जात नाही, डुलत जाते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आगगाडीची चाकेही अशीच सापासारखी चालतात. सावकाश चालली तर डुलणे विरून जाते. वेग वाढला की एक हद्द अशी येते की डुलणे विरायच्या ऐवजी वाढू लागते. डबा हिसके देऊ लागतो, चाकाची कड एका रुळाला आणि मग दुसऱ्या रुळाला ठोकर मारते. त्यापुढे कड रुळावर चढण्याची भीती. ही हद्द कोणत्या वेगाला येईल हे स्प्रिंगांवर, डब्याच्या वजनावर, चाके किती झिजली आहेत यावर आणि रुळांच्या स्थितीवरही अवलंबून असते. कागदावर हिशेब करता येतो आणि करतातही. पण हिशेबातल्या गाडीला गंज चढत नाही आणि हिशेबातला रूळ उन्हात तापत नाही. गाडी पळवूनच बघावी लागते.

आणि अडचण इथेच येते. रेनहिलच्या पावणेदोन मैलांत इंजिनाला प्रत्येक टोकाशी थांबावे लागे. दहा मैलांच्या वेगाला ते चालले. पण ताशी दोनशे किलोमीटरने जाणारी गाडी अशा तुकड्यावर वेग घेते न घेते तोच तिला ब्रेक लावावा लागेल. वेग घेतला, तो तासभर टिकवला, आख तापला का, ब्रेक मऊ पडले का, हे बघायचे तर रस्ता न संपणारा हवा. न संपणारा रस्ता एकच, तो म्हणजे गोल.

असा गोल रस्ता युरोपात चेक प्रजासत्ताकात आहे. राजधानी प्रागहून पूर्वेला कोलीनकडे जाणारा लोहमार्ग धरला की वाटेत वेलीम नावाचे छोटे गाव लागते. गावाजवळच्या शेतजमिनीत १९६३ साली हा मार्ग सुरू झाला. मोठा वेढा १३ किलोमीटर २७६ मीटरांचा. दोन बाजू सरळ, दोन्ही टोकांना १,४०० मीटर त्रिज्येची वळणे. म्हणजे आपल्या खळ्यासारखा पुरता गोल नव्हे, लांबोळा. त्याशिवाय एक लहान वेढा आहे, सुमारे चार किलोमीटरांचा, त्यात कमीजास्त वाकाची वळणे मुद्दाम घातलेली आहेत. भोवतालचा मुलूख लाबे नदीच्या खोऱ्यातला, सपाट आणि सुपीक. गहू आणि साखरेचे बीट ही तिथली पिके. आपल्याकडचा माणूस तिथे उभा राहिला तर त्याला परके वाटायचे कारण नाही. हळद आणि सोयाबीन तेवढे दिसणार नाही.

आत सहज प्रवेश नाही, कारण तो कारखान्यासारखाच कामाचा भाग आहे. पण कुंपणाबाहेरून दिसते ते काही थोडे नाही, आणि हौशी लोक दुरून कॅमेरे घेऊन तेवढ्यासाठी येतात. समजा तुम्ही तिथे उभे आहात. दुरून सूं असा आवाज येतो, गाडी येते आणि जाते. नेहमीच्या मार्गावर गेलेली गाडी गेली. पुन्हा बघायची तर दुसऱ्या दिवशी. इथे तसे नाही. ताशी दोनशे किलोमीटरने धावणारी गाडी चार मिनिटांनी पुन्हा तुमच्या पुढ्यात! पुन्हा चार मिनिटांनी, पुन्हा चार मिनिटांनी. तासात पंधरा वेळा. पाच तासांत हजार किलोमीटर चाल होते आणि गाडी निघाल्या जागेवरच. घाण्याच्या बैलाला आपण हसतो, पण इथे कोट्यवधींची गाडी घाण्याला जुंपलेली असते, आणि त्या घाण्यातून तेल निघते ते ज्ञानाचे.

तिथे येणाऱ्या गाड्याही तऱ्हेतऱ्हेच्या. युरोपात एका देशाची वीज दुसऱ्या देशाच्या इंजिनाला चालत नाही. जर्मनीत १५ हजार व्होल्ट, पोलंडमध्ये ३ हजार, आणखी कुठे आपल्यासारखे २५ हजार. वेलीमच्या तारेत हवी ती वीज सोडता येते. म्हणून निरनिराळ्या देशांची आणि कारखान्यांची इंजिने, मालडबे, शहरातल्या ट्रामसुद्धा तिथे परीक्षेला येतात. डब्यात उतारू नसतात. खिडकीतून डोकावले तर बाकांवर ओझे ठेवलेले, जमिनीवरून तारांच्या जुड्या पसरलेल्या आणि टेबलाशी चार-सहा माणसे आकडे बघत बसलेली.

ही माणसे काय बघतात? चाकाजवळ, स्प्रिंगेच्या वर आणि उतारूच्या पायाखाली, असे तीन ठिकाणी हिसके मोजणारी यंत्रे लावतात. काही चाकांवर बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. चाक रुळावर किती भार टाकते आणि आडवे किती ढकलते हे त्या सांगतात. आडवे ढकलणे खालच्या भाराच्या मानाने फार वाढले की कड चढण्याचा धोका. मग ब्रेक. कोरड्या रुळावर बघायचे, आणि रुळावर साबणाचे पाणी सोडून निसरड्यावरही बघायचे. शिक्षकांनी इथे पोरांना एक गोष्ट पक्की सांगावी: वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. सायकलवरून उतारावर आलेल्या पोराला हे अनुभवाने ठाऊक असते, फक्त त्याला त्याचा हिशेब माहीत नसतो.

असे गोल आणखीही आहेत. रशियात मॉस्कोजवळ श्चेरबिंका इथे १९३२ पासून सहा किलोमीटरांचा वेढा आहे आणि तो खरोखर खळ्यासारखा गोल आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या प्वेब्लो गावाजवळच्या माळावर १९७६ पासून एक वेगळाच खटाटोप सुरू झाला. तिथे कसोटी गाडीची नव्हे, रुळांची. अतिशय जड मालगाडी एका वेढ्यावर रात्र-रात्र फिरवायची आणि कोणता रूळ आधी झिजतो, कोणता सांधा आधी तडकतो, खडी किती खचते ते बघायचे. नेहमीच्या मार्गावर जी झीज व्हायला वर्षे लागतील ती तिथे थोड्या महिन्यांत होते. आपल्याकडे रुळाला गेलेला तडा गँगमन पहाटेच्या थंडीत पायी फिरून हुडकतो. तो तडा कसा पडतो, किती दिवसांनी वाढतो, याचे पुष्कळसे ज्ञान अशा माळांवरून आलेले आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. रेल्वेचे आराखडे आणि मानके ठरवणारी संशोधन संस्था १९५७ पासून लखनौला आहे. नव्या गाडीला तीच परीक्षा घालते. पण आजवर या संस्थेपाशी वेलीमसारखा स्वतःचा मोठा वेढा नव्हता. तिने कसोट्या घेतल्या त्या चालू मार्गावर, उतारूंच्या गाड्यांमधल्या सवडीत. २०१६ मध्ये स्पेनहून टॅल्गो नावाची हलकी गाडी आली. बाकांवर वाळूच्या गोण्या ठेवून ती आधी बरेली-मुरादाबाद, मग पलवल-मथुरा मार्गावर ताशी १८० किलोमीटरपर्यंत पळवली आणि शेवटी सप्टेंबरात दिल्लीहून मुंबईला बारा तासांच्या आत आणली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नव्या बांधणीची वंदे भारत कोटा-नागदा मार्गावर अशीच १८० पर्यंत नेली. एकदम नव्हे, आधी १२०, मग १३०, १५०, आणि प्रत्येक पायरीला आकडे तपासून पुढची पायरी. पुढे उतारू घेऊन जो वेग ठेवायचा त्याच्यापेक्षा कसोटीतला वेग थोडा चढा ठेवतात, म्हणजे हाताशी शिल्लक राहते.

त्या वेळी गाडीत ठेवलेला पाण्याचा पेला गाजला. १८० च्या वेगाला पाणी सांडले नाही, हे चित्र देशभर फिरले. पेला बघायला बरा, पण तो काही मापक नव्हे. पेल्यातले पाणी संथ डुलण्याला हलते. बारीक, जलद थरथर त्याला कळत नाही, आणि चाकाखाली काय चालले आहे हे तर मुळीच कळत नाही. खरा निकाल लागतो तो चाल-अंकावर. हिशेबाने एक आकडा काढतात. उतारूंच्या डब्याला तो सव्वातीनच्या आत असावा, साडेतीनच्या पुढे जाऊ नये. आकडा जितका लहान तितकी चाल मऊ. पेल्याच्या मानाने हा आकडा रुक्ष खरा, पण उतारूची हाडे त्याच्यावरच सुखरूप राहतात.

चालू मार्गावर कसोटी घ्यायची म्हणजे किती अडचणी, बघा. दिल्ली-मुंबईसारखा गजबजलेला मार्ग काही तास मोकळा ठेवायचा. मधली फाटके बंद करायची, तिथे माणसे उभी करायची. दिवसभरात फेऱ्या होणार दोन-चार. वेलीमला पाच तासांत जे होते त्याला इथे आठवडे लागणार. आणि न तपासलेली वस्तू भर रस्त्यात रुळावरून उतरली तर मागच्या सगळ्या गाड्या उभ्या. म्हणून राजस्थानात जोधपूर विभागात गुढा ते ठठाना मिठडी यांच्यामध्ये, सांभर सरोवराच्या बाजूला, फक्त कसोटीसाठी सुमारे ६० किलोमीटरचा मार्ग रेल्वेने हाती घेतला. पहिल्या भागाला मंजुरी २०१८ मध्ये, दुसऱ्याला २०२१ मध्ये. ताशी २२० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी त्याची आखणी आहे, आणि त्यातला एक वेढा १३ किलोमीटरचा, म्हणजे वेलीमच्याच मापाचा. याची निकड आपल्या मराठवाड्यालाही आहे. लातूरला रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिला सांगाडा तयार झाला, आणि वंदे भारतच्या १२० शयनगाड्या तिथे बांधण्याचा करार २०२३ मध्ये झाला. डबा आपल्या हाताने घडवायचा तर त्याची परीक्षाही आपल्या अंगणात व्हायला हवी.

वेगळ्या जागी कसोटी घेतली म्हणजे धोका नाहीसा होतो असे मात्र समजू नका. गोव्यात मडगावला कोकण रेल्वेने खांबांवरून लोंबकळत जाणाऱ्या स्कायबसचा दीड-एक किलोमीटरचा प्रायोगिक मार्ग बांधला होता. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणी चालू असताना अपघात झाला, एक कर्मचारी दगावला, तिघे जखमी झाले. पुढे ती योजना मागे पडली. कसोटीला बसणारी माणसे जिवावर उदार होऊन बसतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ती डोळे उघडे ठेवून बसतात. उतारू पेपर वाचत बसतो. हाच फरक.

आता आपल्या शिवाराकडे. पूर्णा ते हिंगोली हा सुमारे ८० किलोमीटरचा फाटा निजामाच्या अमदानीत, १९१२ साली सुरू झाला. तो मीटरगेज होता. पुढे तोच मार्ग अकोल्यावरून खांडव्याला जोडला गेला आणि जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आपल्या हिंगोलीवरून धावू लागली. जुन्या माणसांना ती आठवत असेल. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. रूळ उचलले, पूल बळकट केले, नवे रूळ टाकले. आणि गाडी सुरू होण्याआधी इथेही एक कसोटी झालीच पाहिजे असा कायदा आहे. तिला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी म्हणतात. आयुक्त ट्रॉलीवरून मार्ग बघत जातात. पूल, सांधे, वळणे, फाटके तपासतात. मग गाडी वेगाने पळवून बघतात. त्यांनी परवानगी दिली तरच उतारू बसवायचे, आणि वेग किती ठेवायचा तेही त्यांनीच ठरवायचे. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या. विमानाचा आणि रुळाचा काय संबंध, असे वाटेल. पण आपल्या पोराचा पेपर आपण तपासू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

म्हणजे ज्याला बाहेर देशी कुंपण घातलेला माळ लागतो, ती कसोटी आपल्याकडे पुष्कळदा उभ्या पिकांमधून जाते. आणि इथे एक मोठी उणीव राहते. गाडी तपासली जाते, रूळ तपासले जातात, फाटक तपासले जाते. पायवाटेने रूळ ओलांडणारा माणूस आणि त्याची गुरे तेवढी कोणाच्या यादीत नसतात. २०२२ सालचेच घ्या. १८० च्या कसोटीत उत्तम उतरलेली वंदे भारत ३० सप्टेंबरला मुंबई-गांधीनगर मार्गावर धावू लागली. ६ ऑक्टोबरला, म्हणजे आठवडा भरायच्या आत, अहमदाबादजवळ म्हशींचा कळप रुळावर आला. गाडीचे नाक तुटले, म्हशी मेल्या. पेल्यातले पाणी सांडले नव्हते, पण कसोटीत म्हैस नव्हती. त्यानंतर मुंबई-अहमदाबाद मार्गाला सहाशेहून अधिक किलोमीटर कुंपण घालण्याचे काम निघाले.

आपला हिशेब आपणच करून बघू. समजा रूळ ओलांडायच्या जागी उभे राहिले की अर्धा किलोमीटर दिसते. बैलगाडी ताशी तीन किलोमीटरने चालते. बैलांच्या शिंगांपासून गाडीच्या मागल्या टोकापर्यंतची लांबी आणि रुळांची रुंदी धरली तर पुरते पार व्हायला साधारण चौदा-पंधरा सेकंद लागतात. मीटरगेजची गाडी साठच्या वेगाने येत असे तेव्हा अर्धा किलोमीटर यायला तिला तीस सेकंद लागत. गाडी दिसली, तरी हाकून पलीकडे जाता येई. ब्रॉडगेजवर ११० चा वेग धरला तर तेच अंतर सोळा सेकंदांत. १३० धरला तर चौदाही नाहीत. गाडी दिसली तेव्हा बैल रुळात पाय टाकत असेल तर सुटका नाही, आणि एखादे चाक रुळात अडकले तर बोलायलाच नको. बापजाद्यांपासून डोळ्यांना जो अंदाज बसलेला आहे तो साठच्या गाडीचा आहे. रूळ बदलले, डोळे तेच राहिले. मोठी गाडी दुरून सावकाश येतेय असे वाटणे हा नजरेचा स्वाभाविक धोका आहे. शहाण्यासुरत्या माणसालाही तो होतो.

बिनपहाऱ्याची फाटके ब्रॉडगेजवरून २०१९ च्या जानेवारीअखेर बंद करण्यात आली. त्यांच्या जागी कुठे पहारा आला, कुठे रुळाखालून रस्ता. पावसाळ्यात त्या खालच्या रस्त्यात पाणी तुंबले की माणूस पुन्हा रुळावर चढतो, हेही खरे. ग्रामपंचायतीने ती तक्रार लेखी लावून धरावी. आणि नव्या मार्गाची किंवा वाढीव वेगाची चाचणी असेल तेव्हा रेल्वे तसे जाहीर करते. ती सूचना फळ्यावर लिहून लावण्याचे काम शाळेने केले तर फार बरे. त्या दिवशी त्या पट्ट्यात गुरे सोडू नयेत. चाचणीची गाडी नेहमीच्या वेळेला येत नाही, नेहमीच्या वेगाने येत नाही, आणि पुष्कळदा एकदा जाऊन लगेच परत येते.

पोरांना गाडी बघायची हौस असतेच. तिला रुळाच्या कडेपेक्षा डब्याची खिडकी चांगली. सहलीला निघालात की एकाच्या हाती सेकंदकाट्याचे घड्याळ द्या, आणि एकाला काचेआडून रुळालगतचे किलोमीटरचे दगड किंवा खांबांवरचे आकडे बघायला बसवा. एका किलोमीटरपासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचे आणि ३,६०० ला त्या संख्येने भागायचे. ६० सेकंद आले तर गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, ४५ आले तर ८० ने, आणि ३६ आले तर बरोबर १०० ने. वसमत मागे टाकून गाडी हिंगोलीकडे निघाली की मोजायला सुरुवात करा आणि प्रत्येक किलोमीटरचा आकडा वहीत उतरवा. वळणापाशी तो कसा बदलतो ते पोरांना तुम्हाला सांगावे लागणार नाही.